दांड्याला बांधलेली चादर

मी बोलतेय. लोखंडाचा आवाज आहे, जरा करकरेल, सांभाळून घ्या. कागदोपत्री मी लेबर टेबल, पण बायकांच्या तोंडी नुसती खाट. बाळंतपणाची खाट.

कारखान्यात माझ्यासारख्या कितीतरी जणी एकाच मापाने कापल्या, एकाच रंगाने रंगवल्या. काही मोठ्या शहरांत गेल्या, मी डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या दवाखान्यात आले. "शहरात जी खाट, तीच इथे!" डॉक्टर अभिमानाने सांगत. माझाही ऊर भरून येई. सगळ्यांना सारखं मिळालं की न्याय झाला, असंच मला वाटे.

बाजारपेठेतल्या बायका येत, आडव्या होत, बाळ घेऊन घरी जात. वरच्या आदिवासी वस्त्यांतल्या बायका मात्र मी तिरडीच असल्यासारखं दारातूनच माझ्याकडे बघत. त्यांच्याकडे आढ्याला बांधलेला दोर धरून, उकिडवं बसून बाळंत होतात. घरची जाणती बाई मागून कंबर धरते. इथे दोर नाही, घरची माणसं बाहेर, आणि झोपायचं उताणं. नियम सगळ्यांना एकच! पण तो कुणाच्या मापाने बेतला, हे विचारायला कुणाला फुरसत होती?

मागच्या वर्षी वरच्या वस्तीतलीच एक जण ऐन कळांमध्ये माझ्यावरून उतरली आणि घराकडे निघाली. ती घरी पोहोचलीच नाही.

यंदा तिची धाकटी बहीण आली, सासूला घेऊन. माझ्यावर आडवी झाली, घाबरून उठली आणि गाठोडं उचलून चालू लागली.

"अगं, कुठे निघालीस?" सिस्टर ओरडल्या. "वाटेत काही झालं म्हणजे?"

"वाटेत निदान बसता तरी येतं."

डॉक्टर सासूकडे वळले. "आजी, तुम्ही तरी सांगा हिला. आम्ही इथे दुजाभाव करत नाही. सगळ्यांना सारखंच वागवतो."

"तेच तर म्हणते साहेब. माणसाला उताणं, कासवालाही उताणं. आणि वर कासवाला म्हणायचं, चाल आता!"

एवढ्या घाईतही सिस्टरना हसू फुटलं. डॉक्टर हसले नाहीत. ते दारात पोचलेल्या त्या पोरीकडे बघत होते. चेहरा अगदी थोरलीचा.

"सिस्टर, गादी खाली घ्या," ते एकदम म्हणाले. "एक चादर द्या. आजी, तुम्ही आत या. चपला तेवढ्या बाहेर काढा."

"चपला आहेत कुठे?" म्हणत सासू आत आली आणि तिने सुनेला हाताला धरून मागे आणलं.

डॉक्टरांनी चादर माझ्या वरच्या दांड्याला बांधली. सासूने गाठ ओढून पाहिली, सोडली आणि पुन्हा आपल्या हाताने मारली. मग सुनेची कंबर धरून मागे बसली. पोरीने चादर ओढली तेव्हा माझे सांधे कुरकुरले, पण पाय मी घट्ट रोवले. डॉक्टर चक्क फरशीवर गुडघे टेकून बसले होते. थोड्या वेळाने खोलीत एक नवा आवाज रडू लागला. माझ्यावर कुणी झोपलेलं नव्हतं, तरी त्या दिवसाइतकी मी कधीच कुणाच्या कामी आले नव्हते.

आता बाजारपेठेतली माझ्यावर झोपते, डोंगरातली मला धरून बसते. दोघीही बाळ घेऊन घरी जातात. याला सारखं म्हणायचं की वेगळं, ते शिकलेल्यांनी ठरवावं!

परवा तपासणीला आलेले एक साहेब म्हणाले, "हे काय लटकतंय? इतर दवाखान्यांत असं नसतं." माझ्या जागी नवी खाट येणार आहे. येऊ दे, मी गंजलेच आहे. फक्त मला हलवण्याआधी ती चादर सोडा आणि नव्या खाटेच्या दांड्याला बांधा. गाठ ओढून बघा.

वरच्या वस्तीतून कुणीतरी निघालेली असेल.