आवतण दिलेली गुळवेल

टेंभुर्णीत भिवाबाबांच्या गुळवेलीच्या काढ्याला एके काळी मोठा मान होता. कसलाही ताप असो, लोक आधी बाबांचं दार ठोठावायचे. बाबांचा नेमही तसाच कडक. आदल्या संध्याकाळी वेलीला हळद-कुंकू, अक्षता वाहून आवतण द्यायचं, रोग्याचं नाव सांगायचं आणि सकाळी कुणाशी न बोलता तोडून आणायची. आवतण देऊन वेल नेली नाही, तर तिचा गुण जातो. पाहुण्याला जेवायला बोलावून दाराला कडी घालावी, तसलंच ते पाप.

पुढं गावात सुई टोचणारा डॉक्टर आला, आणि १९९४ साल उजाडेपर्यंत काढ्याचं पातेलं फळीवर पालथं पडलं. बायको कांताबाई जाऊनही तीन वर्षं झाली होती. दिवसच्या दिवस बाबांच्या तोंडून शब्द निघत नसे.

एका संध्याकाळी त्यांना फारच एकटं वाटलं. अक्षता घेऊन ते कडुलिंबावरच्या गुळवेलीपाशी गेले, कांताबाईच्या गोष्टी सांगत बसले आणि बोलण्याच्या भरात आवतण देऊन मोकळे झाले. रोग्याचं नाव उद्या सांगतो म्हणाले.

सकाळी वेल आणली, काढा उकळला आणि स्वारी रोगी शोधायला निघाली. मच्छिंद्र तापानं पडलाय असं कानावर होतं, पण तो कालच सुई घेऊन आज शेतात गेलेला. पलीकडच्या घरी प्रभावतीच्या अंगात कणकण होती, पण तिनं डॉक्टरच्या गोळ्यांची पुडी दाखवली. पारावर रामराव म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी आता ताप कुठून आणावा?" सगळे हसले. बाबाही हसले. बसा, चहा घ्या, असं मात्र कुणी म्हटलं नाही.

घरी काढा निवून गेला होता. दिलेला शब्द मोडायचा कसा? बाबांनी डोळे मिटून तो कडूजहर काढा स्वतःच घशाखाली उतरवला. रोग्यानं वाटी खाली ठेवली की त्याची विचारपूस करायची, ही त्यांची जुनी सवय.

"आता कसं वाटून राह्यलं?" त्यांनी रिकाम्या घरात विचारलं.

कित्येक महिन्यांत त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला गेले आणि त्यांना रडूच फुटलं.

त्या संध्याकाळी ते पुन्हा कडुलिंबाखाली आले. वेलीला हळद-कुंकू वाहिलं.

"उद्या न्यायला येतो," ते म्हणाले. "काल नाव सांगायचं राह्यलं. भिवा. दुखणं जुनं हाये, एका दिवसात उतरायचं न्हाई."