शपथ कुतैबाची, मान रुदैनाची

झर्का शहरात नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि रुदैनाच्या गल्लीत ते गुरुवारी येतं. घरातल्या एकाने गच्चीवर जायचं, पंप लावायचा आणि टाक्या भरेपर्यंत तिथेच थांबायचं, एवढंसं काम. त्या गुरुवारी रुदैना आजारी भावजयीला बघायला गेली होती, म्हणून ते काम तिच्या नवऱ्याकडे आलं. कुतैबा गच्चीवर गेला, पंपाशेजारी बसला आणि फोनवरचा लढाईचा खेळ उघडून तीन दोस्तांसोबत कुठल्याशा बेटावर उतरला. पंपाचं बटण दाबायचं तेवढं राहून गेलं. पाणी आलं आणि शेजाऱ्यांच्या टाक्या भरून गेलं. हे साहेब बेटावरच्या सतरा जणांना लोळवून खाली आले आणि वर तोंड करून म्हणाले, "आज पाणी आलंच नाही." पण संध्याकाळपर्यंत दोस्तांनी त्या सतरा जणांची बढाई गल्लीभर पोचवली होती.

शुक्रवारी जेवणाला रुदैनाचा थोरला भाऊ नायेफ आला तो पाण्याचे दोन कॅन खांद्यावर घेऊनच. तळमजल्यावर सासूचं घर. सासूने, उम्म कुतैबाने, मक्लूब्याचं पातेलं परातीत उपडं केलं, भात आणि वांगी अख्खी उतरली, आणि सगळे परातीभोवती बसले.

"काय रे कुतैबा," नायेफ म्हणाला, "सतरा माणसं मारलीस आणि एक बटण मारता आलं नाही?"

"खेळाला कशाला नावं ठेवतोस?" सासू म्हणाली. "ज्याचा स्वतःवर ताबा आहे त्याचं खेळ काय वाकडं करणार? आणि बायकोला नवऱ्याला गोडीत ठेवता आलं नाही, तर तो बिचारा फोनच बघत बसणार." हे बोलताना तिने रुदैनाच्या ताटलीत मुद्दाम वांगंच वाढलं, मांस नाही.

"विष आहे ते, मावशी. आणि ताबा म्हणे! याचा स्वतःच्या अंगठ्यावर ताबा नाही."

कुतैबाचे कान लाल झाले. "मनात आणलं तर आत्ता सोडीन."

"सोड की."

"सोडीनच!"

"हे आम्ही मागच्या वर्षीपण ऐकलं होतं, शेर."

तेव्हा कुतैबाने चमचा खाली आपटला. "बकरी ईदेपर्यंत तो खेळ मी हातात धरला, तर माझ्यावर तीन तलाक!"

आमच्याकडचे पुरुष ही शपथ उठताबसता घेतात. पाहुण्याने आणखी एक घास घ्यावा म्हणून घेतात, टमाट्याचा भाव उतरावा म्हणूनही घेतात. शपथ पाळली तर त्यांची मर्दुमकी, मोडली तर जाणार बायको. इतकी सोयीची पैज जगात दुसरी नसेल. ईद अडतीस दिवसांवर होती. नायेफचा घास हातातच राहिला.

"बघितलंस?" सासू अभिमानाने म्हणाली. "याला म्हणतात मर्दाचा शब्द." आणि तिने मांसाचा सगळ्यात मोठा तुकडा लेकाच्या पुढ्यात ठेवला.

रुदैना मनात हिशेब करू लागली. आईबाप गेलेले, पदरी मूल नाही. घराबाहेर पडली तर नायेफच्या दोन खोल्या, त्यात त्याची पाच पोरं आणि खोकणारी बायको. आणि खरं सांगायचं तर तिला कुतैबा आवडत होता. लग्नाला चार वर्षं झाली तरी तो जिना चढताना शीळ घालायचा, आणि ती ऐकली की तिला बरं वाटायचं.

पहिले तीन दिवस कुतैबा छाती काढून फिरला. चौथ्या दिवशी चहात साखर जास्त झाली म्हणून त्याने पेला भिंतीवर फेकला. सहाव्या दिवशी तो संडासात फोन घेऊन गेला, तेव्हा रुदैना दाराबाहेर कान लावून उभी राहिली.

"माझ्यावर पहारा देतेस?" तो आतून ओरडला. "परीक्षा तुझी आहे की माझी?"

परीक्षा त्याची होती, नापास मात्र ती होणार होती. हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण त्यामुळे त्याची झोप उडत नव्हती. सासूने तर सांगूनच टाकलं, "सांभाळ गं त्याला. शपथ मोडली तर लोक घरच्या बाईलाच बोल लावतील."

नवव्या दिवशी कुतैबाला पळवाट सापडली. संध्याकाळी कामावरून आला तो हसतच. "मी हातात धरणार नाही, असं म्हटलंय ना? मग तू धर."

तेव्हापासून रोज चहानंतर रुदैना फोन घेऊन बसायची आणि कुतैबा तिच्या मागे, हाताची घडी घालून. सासू समोर भात भरण्यासाठी कोसा, म्हणजे लहान दुधीसारखी भाजी, कोरत बसायची. लेकाची हुशारी तिला फार आवडली होती.

"डावीकडे! अगं गाढवे, डावीकडे! तुझी डावी कुठली तेही आता मीच सांगू?"

"दिसतंय मला."

"डोंबल दिसतंय! मेलीस बघ. माझं नाव घालवलंस चारचौघांत."

पण पंधरा दिवसांत रुदैना मरेनाशी झाली. कुतैबा दिसेल त्यावर धावून जायचा, ती गवतात पडून राहायची. दहा दहा मिनिटं हलायची नाही. बाकीचे एकमेकांना संपवेपर्यंत थांबायची आणि मग एकच गोळी झाडायची. दोस्तांना ही अदलाबदल ठाऊक नव्हती. ते लिहायचे, 'कुतैबा, तुझा हात काय बसलाय रे!' कुतैबा ते वाचून हसायचा, आणि मग रात्रीच्या जेवणापर्यंत तिच्याशी बोलायचा नाही. तिला मात्र तो खेळ आवडू लागला होता. हे तिने कुणाला सांगितलं नाही.

एकतिसाव्या दिवशी बेटावर दोघंच उरले. एक रुदैना खडकाआड, दुसरा समोरच्या पडक्या घरात.

"मार!" कुतैबा म्हणाला.

"थांब."

"काय थांब? दिसतोय तो! मार!"

"थांब म्हटलं ना."

जन्मात त्याला कुणी 'थांब' म्हटलं नव्हतं, आईनेसुद्धा नाही. "दे इकडे!" म्हणत त्याने हात घातला. या क्षणाच्या भीतीने रुदैना महिनाभर नीट झोपली नव्हती. बोटं मोडली तरी फोन सोडायचा नाही, असं तिने शंभरदा ठरवलं होतं. पाठ फिरवायला तिला वेळही होता. पण ती थकली होती. दुसऱ्याचं मन आवरता आवरता तिचा जीव मेटाकुटीला आला होता. तिने बोटं सैल सोडली.

कुतैबाने गोळी झाडली, समोरचा पडला. "जिंकलो!" म्हणून त्याने उडी मारली. सासूच्या हातातलं कोरणं थांबलं. मग त्याने हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू दिलास," तो म्हणाला. "तुला साधं घट्ट धरता येत नाही?"

"डोक्यावरून ओढणी घे आधी," सासूने सुनेला फर्मावलं. "आता तो तुला परका पुरुष." आणि तिने रुदैनाची गादी स्वतःच्या खोलीत, जमिनीवर टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे शपथ-तलाकाचा निवाडा सांगणाऱ्या मुफ्तींच्या कचेरीत गेले. नायेफही आला. मुफ्ती वयस्क होते, आणि दिवसाकाठी अशा दहा शपथा ऐकून कंटाळलेले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कुतैबाला विचारलं, "खरं सांग. शपथ घेताना मनात काय होतं? हिला सोडायचं होतं, की स्वतःला आवरायचं होतं?"

कुतैबाने मेहुण्याकडे पाहिलं. आवरायचं होतं म्हणावं, तर ते जमलं नाही हे मेहुण्यादेखत कबूल करायचं. रुदैना खाली मान घालून बसली होती. सोडायचं होतं म्हण, असं तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःच दचकली. म्हण ना, सोडायचं होतं. नायेफच्या दोन खोल्या आता तिला इतक्या लहान वाटत नव्हत्या.

"आवरायचं होतं," कुतैबा पुटपुटला.

"मग तलाक झाला नाही," मुफ्ती म्हणाले. "खेळ तुझा, जीभ तुझी, आणि जीव टांगणीला लावलास तो हिचा. लाज वाटू दे. शपथ मोडल्याबद्दल दहा गरिबांना जेवू घाल, आणि हिला घरी घेऊन जा."

सासूने आकाशाकडे हात केले. नायेफने सुटकेचा निःश्वास टाकला, आणि तो रुदैनाला स्पष्ट ऐकू आला.

"शेख," तिने विचारलं, "ईदेला अजून जवळजवळ आठवडा आहे. तोवर यांनी पुन्हा खेळ हातात धरला तर?"

"मोडलेली शपथ पुन्हा मोडत नाही, मुली. जेवण घातलं की तो मोकळा."

"आणि मी?"

"तू त्याची बायकोच आहेस. काही काळजी करू नकोस," मुफ्ती मायेने म्हणाले आणि त्यांनी पुढच्या जोडप्याला आत बोलावलं.

दुपारी सासूने मोठं पातेलं काढून दिलं. दहा माणसांचा भात रुदैनानेच शिजवायचा, हे कुणी वेगळं सांगायची गरज नव्हती. तिने तांदूळ धुतले, कांदा परतला, कोंबडी शिजत घातली. बाहेरच्या खोलीतून गोळ्यांचा आवाज सुरू झाला, मग कुतैबाच्या शिव्या. थोड्या वेळाने तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि त्याने फोन तिच्यापुढे धरला.

"ते राहू दे आणि आधी इकडे ये. शेवटचे दोघं उरलेत, आणि दबा धरून बसायचं मला जमत नाही."

रुदैनाने गॅस बारीक केला, ओले हात ओढणीला पुसले आणि फोन घेतला.