समुद्राकडची बाजू

समुद्रापलीकडून चालून आलेल्या मूर लोकांनी गावाजवळचा तो किल्ला डोंगराच्या टोकावर बांधला, तो शत्रूची गलबतं लांबून दिसावीत म्हणून. अन्सेल्मोचा शत्रू किल्ल्याच्या आतच होता, पांढऱ्या संगमरवराखाली. आणि सर्व संतांच्या सणाला, म्हणजे मेलेल्यांची आठवण काढायच्या दिवशी, त्याला अंघोळ घालण्यासाठी अन्सेल्मो दरवर्षी बादली घेऊन तो चढ चढत असे.

तटाच्या आत गावाची जुनी दफनभूमी होती. मूर गेले, त्यांना हाकलणारे राजे गेले, शिबंदीही गेली. मोक्याची जागा तेवढी मेलेल्यांच्या हाती लागली. त्यातही सगळ्यात मोक्याची फाउस्तिनोच्या. समोर समुद्र, एका अंगालाही समुद्र, आणि दुसऱ्या अंगाला ऊन अडवायला तटाची भिंत. अशी जागा जिवंतपणी घ्यायची म्हटली तर गावात कुणाची ऐपत नव्हती.

फाउस्तिनो हा दियोलिंदाचा पहिला नवरा. मासेमारी बोटीचा तांडेल. बोटीचं नावही त्याने ‘दियोलिंदा’च ठेवलं होतं. अन्सेल्मो दुसरा. त्याचं चपलांचं दुकान होतं, आणि दुकानाला बायकोचं नाव द्यावं हे त्याला सुचेपर्यंत दुकान विकून झालं होतं.

किल्ल्याच्या दाराशी जुल्मिरा विकायला चेस्टनट भाजत बसली होती. शेवंतीची कुंडी, बादली आणि ब्रश अशा अवतारातला अन्सेल्मो दिसताच तिचा चेहरा उजळला.

“काय शेठ, निघालात वरच्या साहेबांची दाढी करायला?”

“पुडी बांध. तोंड बांधलंस तरी चालेल.”

“मिशा नीट घासा हं. बाईंचं लक्ष असतं!”

मिशांचं मात्र खरं होतं. थडग्याच्या उभ्या दगडावर चिनी मातीच्या तबकडीत फाउस्तिनोचा फोटो होता, आणि त्यातल्या मिशा काळ्याभोर होत्या. दर वर्षी अन्सेल्मोच्या खाती काहीतरी जमा होई: गुडघा, कवळी, रात्रीचं उठणं. समोरचा गृहस्थ मात्र चाळिशीतच ठाण मांडून बसलेला. मेलेल्या माणसाशी स्पर्धा करू नये. तो हरत नाही आणि थकतही नाही.

पण खरा काटा मिशांचा नव्हता. फाउस्तिनोच्या नावाशेजारी दियोलिंदाचंही नाव कोरलेलं होतं. नाव, जन्माचं साल, मग आडवी रेघ. रेघेच्या पुढे कोरा संगमरवर. तो कोरा तुकडा अन्सेल्मोला जागा धरण्यासाठी टाकलेल्या रुमालासारखा वाटे. यंदा बोलायचंच, असं ठरवून तो आला होता. वाक्यं चढावर पाठ केली होती. धाप लागल्यामुळे अर्धी गळाली.

दियोलिंदा आधीच गुडघ्यांवर बसून दगड घासत होती. तेवढ्यात किल्ला बघायला आलेलं एक परदेशी जोडपं जवळ थांबलं. बाईने फोटोकडे बोट करून मोडक्या भाषेत विचारलं, “भाऊ तुमचे?”

“माझा नवरा,” दियोलिंदा म्हणाली. मग शेजारी बादली घेऊन उभ्या असलेल्या माणसाची तिला आठवण झाली. “आणि हाही.”

ते ‘हाही’ अन्सेल्मोच्या वर्मी लागलं. जोडपं बुरुजाकडे वळेपर्यंतही त्याला धीर धरवला नाही.

“ते नाव खरवडून टाक.”

“कुणाचं?”

“तुझं. जिवंत माणसाचं नाव थडग्यावर असू नये. अपशकुन असतो.”

“इतकी वर्षं आहे. मला साधी सर्दी झाली नाही.”

“आणि मग मी कुठे जायचं?”

“तुझी आई आहे की खालच्या नव्या दफनभूमीत, बर्फाच्या कारखान्यामागे.”

“तूही ये तिथे.”

“तुझी आई जिवंतपणी माझ्याशी एक शब्द बोलली नाही. आता काय गप्पांचा फड जमवणार आहे?”

एरवी अन्सेल्मो हसला असता. त्याने बादली खाली ठेवली.

“थट्टा नको, दियोलिंदा. साठी उलटेपर्यंत मी एकटा झोपलो. आता परत एकट्यानेच झोपायचं? तेही कायमचं?”

दियोलिंदाचा ब्रश थांबला. तिने ओले हात एप्रनला पुसले आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

“अरे खुळ्या, इथे तीन जागा आहेत. तिसरी फाउस्तिनोच्या भावाची. तो ब्राझीलला गेला, तिकडेच मेला, तिकडेच पुरला. उन्हाळ्यात त्याची मुलगी आली होती, तिला मी विचारलं. ती हो म्हणाली. मधे मी, आणि तू माझ्या शेजारी. नाताळात सांगणार होते, तर तुला आजच भांडायचं होतं.”

 अन्सेल्मोने पुडीतून एक चेस्टनट काढला. तो सोलून होईपर्यंत तो गावातला सगळ्यात सुखी माणूस होता. मग त्याने सहज आपल्या जागेकडे पाहिलं.

“म्हणजे मी भिंतीकडे.”

“हो.”

“आणि समुद्राकडे?”

“समुद्राकडे फाउस्तिनो. तो झोपलाय तिथे, आता काय त्याला उठवू?”

“मला विचारायचं तरी.”

“अन्सेल्मो, बंदरात बांधलेल्या बोटीवरसुद्धा तू ओकतोस.”

 अन्सेल्मोने पाणी ओतलं, मिशांवरचा साबण काढला, मेणबत्त्या लावल्या. मग शेवंतीची ती भलीमोठी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि फोटोच्या अगदी पुढ्यात नेऊन ठेवली. पिवळ्याधमक फुलांच्या मागे आधी मिशा गेल्या, मग डोळे. तटातून निखळलेला एक धोंडा तिथेच पडला होता, तो त्याने कुंडीला टेकवला. मूरांचा दगड कित्येक शतकांनी पुन्हा लढाईच्या कामी आला.

दियोलिंदाने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“तिथे नको ठेवूस. वाऱ्याने पडेल.”

“नाही पडणार,” अन्सेल्मो हात झटकत म्हणाला. “मी धोंडा लावलाय.”