तीन हाका

शर्टाची एखादी शिवण जरी तिरकी गेली असली, तरी आईच्या नजरेतून ती सुटत नसे. कपड्यांच्या कारखान्यात तिचं कामच ते होतं: तयार शर्ट टेबलावर पसरायचा, उलटासुलटा करायचा आणि खोट शोधायची. अकरा वर्षं ती पगार घेऊन खोट काढत होती. घरी तेच काम ती फुकटात करते, असं तिचा नवरा म्हणायचा. सध्या तिच्या टेबलावर होती सहा महिन्यांची ठमी.

ठमी धाकटी. थोरला दादा, वय वर्षं सहा. दादाला ऑटिझम आहे हे कळायला साडेतीन वर्षं लागली होती. तोवर आपले डोळे कुठे गेले होते, हा प्रश्न आई स्वतःला रोज विचारायची, आणि तो रोज तितकाच झोंबायचा. त्यामुळे एका प्रयोगशाळेला ऑटिस्टिक मुलांची तान्ही भावंडं हवी आहेत, त्यांच्या मेंदूची वाढ पहिल्या वर्षापासून बघायची आहे, असं कळल्यावर तिने सगळ्यांच्या आधी फॉर्म भरला. 'संशोधनाला हातभार लागावा म्हणून' असं कारण लिहिलं. हे धादांत खोटं होतं. तिला ठमीचा निकाल हवा होता.

आणि निकाल तेवढा मिळणार नव्हता. संशोधिका बाईंनी पहिल्याच भेटीत सांगून टाकलं.

"आम्ही शेकडो बाळांचं एकत्र बघतो. एकेका बाळाचं भविष्य नाही सांगत. काळजीचं काही वाटलं तर तज्ज्ञांकडे पाठवू, एवढं नक्की."

"म्हणजे तुम्हाला दिसणार, आणि आम्हाला नाही सांगणार?"

"आम्हालाही दिसत नाही हो अजून. म्हणून तर संशोधन करतोय."

उत्तर इतकं सरळ होतं की आईचा त्यावर काडीचाही विश्वास बसला नाही.

मग ठमीच्या डोक्यावर ओल्या स्पंजच्या गोळ्यांची जाळीदार टोपी चढली आणि पडद्यावर तिच्या मेंदूच्या रेघा नाचू लागल्या. आईने डोळे फाडफाडून पाहिलं. शिवण असती तर कळली असती. शेवटची चाचणी मात्र तिला नीट कळली. ठमीला खेळण्यात गुंतवलं, बाई तिच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली. थांबल्या. पुन्हा मारली. ठमी वळली ती तिसऱ्या हाकेला. बाईंनी कागदावर काहीतरी खूण केली, चेहरा भिंतीसारखा कोरा ठेवून.

बस्स, आईला धागा सापडला. दुसऱ्याच दिवशी तिने नवी वही काढली आणि पानावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला 'वळली', दुसऱ्या बाजूला 'नाही वळली'.

त्यानंतर त्या घरात ठमीच्या पाठीमागे सतत कोणीतरी दबा धरून असायचं. दाराआडून हाका, कपाटाआडून हाका, बाथरूममधून पाण्याचा नळ बंद करून हाका. तिसऱ्या हाकेपर्यंत मोजायचं, मग आई निकाल मोठ्याने म्हणत वहीत लिहायची. नवऱ्यालाही कामाला जुंपलं गेलं. "घरी आल्यावर मी आधी चहा घेऊ की आधी हाक मारू?" तो दारातूनच विचारायचा. पहिल्या आठवड्यात ठमी प्रत्येक हाकेला गर्रकन वळायची आणि खुदकन हसायची. तिसऱ्या महिन्यात ती उगाच तोंडदेखली वळू लागली. पाचव्या महिन्यात तिने कोणाला भीक घालणंच सोडलं. 'नाही वळली'ची बाजू भरत गेली तशी आईची धास्ती वाढली, आणि धास्ती वाढली तशा हाका वाढल्या. रात्री वही मिटताना ती मनात म्हणायची, हिचंही तेच. या वेळी निदान मला आधी कळलं.

दादा या सगळ्या वेळात जमिनीवर बसून बाटल्यांची बुचं ओळीने मांडत असायचा. त्याचं लक्ष नाही, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं.

ठमीला वर्ष झालं आणि पुढची भेट आली. दादाच्या शाळेला सुट्टी होती, म्हणून तोही आला आणि कोपऱ्यात बुचं मांडून बसला. टोपी झाली, रेघा झाल्या. बाई ठमीच्या पाठीमागे गेल्या. आईने श्वास रोखला.

पहिली हाक. ठमी ठोकळा चावत राहिली. दुसरी हाक. तिसरी. ठमीची पाठ जागची हलली नाही. आईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"तीन. नाही वळली," कोपऱ्यातून आवाज आला. आवाज दादाचा, पण सूर अगदी आईचा, शेवटच्या उसाशासकट.

आणि ठमी गर्रकन वळली. दादाला पाहून अंगभर हसली.

"काय म्हणाला तो?" बाईंनी विचारलं.

दादाची गाडी एव्हाना सुरू झाली होती. "सोमवार. दाराआड. नाही वळली. कपाटाआड. नाही वळली. बाबा, चहाच्या आधी. नाही वळली. अगं बाई, आता मी काय करू?"

हे शेवटचं वहीत नव्हतं. आईने मान खाली घातली.

"दिवसातून किती वेळा?" बाई म्हणाल्या.

"असेल दहा-बारा वेळा."

"चाळीस," दादा बुचांना म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, मला कोणी काम नसताना दिवसातून चाळीस हाका मारल्या ना, तर मीही नाही वळणार. ही चाचणी बाद."

"म्हणजे ठमी नापास?"

"ठमी नाही, तुम्ही. आमच्या चाचणीचा तुम्ही घरी चुथडा केलात."

"पण आता वळली ना? दादाकडे? ते चांगलं ना, मॅडम?"

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. "मला खरंच माहीत नाही."

या वेळी मात्र आईचा विश्वास बसला. ही बाई काही लपवत नव्हती. तिच्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच.

"मग मी घरी करू तरी काय?"

"काही हवं असेल तेव्हाच हाक मारा."

लिफ्टची वाट बघताना आईने वही चाळली. सहा महिने, पानंच्या पानं, हजारो हाका, सगळ्या ठमीला. आणि त्यातली एकूण एक दादाने ऐकली होती. त्याला कोणी कधीपासून हाक मारली नव्हती, हे तिला आठवेना. डॉक्टरांनी निदान केलं तेव्हापासूनच बहुधा. वळत नाही त्याला हाक कशाला, म्हणून जेवायला बोलवायचं झालं तरी ती जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा पाठमोरा उभा राहून लिफ्टचे आकडे बघत होता. काही हवं असेल तेव्हाच, बाई म्हणाल्या होत्या. हवं तर होतं.

"दादा," तिने हाक मारली.

"एक," तो आकड्यांकडे बघतच म्हणाला.

"दादा."

"दोन."

"दादा, अरे..."

"तीन," तो म्हणाला, आणि मान केसभरही न हलवता त्याने निकाल सांगून टाकला. "वळला."

आईने पेन काढलं आणि वहीत तसंच लिहून घेतलं.