सिस्टरची हिरवी सायकल आणि उभा चढ

मी एक सायकल आहे, आणि मित्रांनो, चांगलीच जुनी आहे. माझ्या हिरव्या रंगातून जागोजागी लोखंड डोकावते. घंटी वाजलीच तर खोकल्यासारखी वाजते. पण मला भंगारात काढण्याआधी थोडे थांबा. ज्या चढावर माझे आयुष्य गेले, त्याची आणि तो चढणाऱ्या एका बाईची हकिगत मला तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म एका मोठ्या, गोंगाटाच्या कारखान्यात झाला. नळ्या कापल्या गेल्या, तापवून जोडल्या गेल्या, मग मला रंगवून भट्टीत वाळवले. शेवटी एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने बारीक कुंचल्याने माझ्या अंगावर सोनेरी रेघ ओढली. रेघ ओढताना तो श्वास रोखून धरी आणि ती पुरी झाली की हळूच सोडी. माझ्याशी इतक्या हळुवारपणे वागलेला तो पहिला माणूस.

दुकानात मला छताच्या आकड्याला टांगले होते. एक दिवस पांढऱ्या गणवेशातली एक तरुण बाई आत आली. गावातल्या दवाखान्यात ती नुकतीच नर्स म्हणून रुजू झाली होती. तिने मला खाली काढायला लावले, वाकून पायडल फिरवले आणि कान देऊन मागच्या चाकाचा आवाज ऐकला, जणू कुणाची छातीच तपासत होती. मग दुकानदाराला तिने एकच प्रश्न विचारला, "चढावर चालेल का?"

"सायकल चालेल," दुकानदार म्हणाला. "चालवणारीचं मला ठाऊक नाही."

ती हसली आणि मला घेऊनच बाहेर पडली.

त्या दिवसापासून मी सिस्टरची सायकल झाले. सगळे गाव तिला सिस्टर म्हणे. गंमत म्हणजे तिची सख्खी थोरली बहीणसुद्धा तिला सिस्टरच म्हणायची. "काय सिस्टर, आज कुणाला सुई टोचून आलात?" असे दारातूनच विचारायची. ही ताई वरच्या वस्तीत राहत असे. तिच्या केसांचा आम्हा दोघींनाही अभिमान. सोडले की गुडघ्यापर्यंत येत, आणि धुऊन वाळवायला ताई अंगणात बसली की शेजारणी हातातले काम सोडून बघत राहत.

आमचे गाव खाली नदीकाठी, अगदी सपाटीवर. दवाखान्याचे निम्मे रोगी मात्र वरच्या वस्तीत. मध्ये होता तो चढ. पाण्याच्या टाकीपर्यंत तो गोड बोलून नेतो. टाकीच्या वळणानंतर असा काही उभा राहतो, की पुढचा रस्ता कपाळाला लागेल असे वाटते. लोक त्याला उभा चढच म्हणत. माझ्या मागच्या चाकाच्या पोटात तीन गिअर होते. वळण आले की सिस्टर सगळ्यात हलका गिअर टाकी, सीटवरून उठे आणि उभ्याने पायडल मारू लागे. कॅरिअरवरच्या बॅगेत बाटल्या किणकिणत. तिचा श्वास आणि माझी चेन एका तालात चालत. वर पोचल्यावर ती माझ्या हँडलवर दोन्ही कोपरे टेकून क्षणभर उभी राही. तो क्षण मला सगळ्या कौतुकापेक्षा प्रिय होता.

कौतुकही झाले, नाही असे नाही. एकदा भल्या सकाळी वरून निरोप आला, एक बाई अडली होती. धुके इतके दाट, की मला माझे पुढचे चाक दिसेना. ऐन वळणावर माझी चेन उतरली. सिस्टरने मला पालथी घातली, उघड्या हातांनी ती तेलकट चेन चढवली आणि पुन्हा निघाली. वर पोचून तिने कोपरापर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि मग ती आत गेली. मी बाहेर पायरीशी उभी. थोड्या वेळाने आतून बारीक, चिडका आवाज आला. बाळाचे आजोबा बाहेर आले, त्यांना काय करावे सुचेना. शेवटी त्यांनी खांद्यावरचे कापड घेतले आणि मलाच पुसून काढले, घोड्याला पुसावे तसे, पायडलांपासून घंटीपर्यंत. तेव्हा माझा ऊर भरून आला होता.

वर्षे सरली. दवाखान्याला गाडी मिळाली. सिस्टरला मुलगी झाली, ती मोठी झाली, गावातल्या वाचनालयात कामाला लागली. सिस्टर निवृत्त झाली आणि तिची बॅग कपाटात गेली. माझे काम मात्र संपले नाही. ताईच्या बोटांना संधिवाताने गाठले होते. हात खांद्याच्या वर जात नसत. आपले केस आपल्याला धुता येईनात. तेव्हा दर रविवारी सिस्टर टॉवेल आणि फणी घेऊन माझ्यावर बसे आणि वर जाऊन बहिणीचे केस धुई. पाणी गरम करायचे, हळूहळू गुंता सोडवायचा, उन्हात वाळवायचे, वेणी घालायची. सकाळ त्यातच जाई. दोघी किती बोलत आणि किती हसत, ते अंगणात उभी राहून मी ऐकत असे.

मित्रांनो, म्हातारपण एकदम येत नाही. आधी टाकीच्या वळणावर सिस्टर सीटवर बसूनच राहू लागली. मग ती उतरून मला ढकलू लागली. वाटेत कोणी भेटले, तर माझ्या ब्रेकशी काहीतरी खटपट केल्याचे दाखवी. मी त्यात तिला साथ देत असे. ब्रेक करकरायला मला निमित्त लागत नसे.

आणि एका रविवारी वळणावरच तिचे गुडघे अडून बसले. ती कठड्यावर टेकली. वर ताईच्या घराचे छप्पर दिसत होते. बराच वेळ तिकडे बघून तिने माझे हँडल वळवले आणि आम्ही उतरलो. माझी जागा स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होती, त्यामुळे फोनवरचे बोलणे मला ऐकू आले. अचानक काम निघाले, असे तिने बहिणीला सांगितले. पुढच्या रविवारी पाहुणे आले होते. त्याच्या पुढच्या रविवारी मुलीने विचारले, तर म्हणाली, "कंटाळा आला गं आता जायचा."

कंटाळा! खरे कारण फक्त मला माहीत होते, आणि मला तोंड नव्हते.

मग वरच्या वस्तीतून ताईची शेजारीण बाजाराला आली असताना घरी डोकावली. तिने सहज सांगितले ते असे. त्या पहिल्या रविवारी ताई केस सोडून, पाणी तापवून दुपारपर्यंत अंगणात बसून होती. आता तिने ठरवले आहे, केस कापूनच टाकायचे. उगाच बहिणीला त्रास नको. येत्या रविवारी दुपारी या शेजारणीनेच कात्री घेऊन यायचे आहे.

शेजारीण गेल्यावर सिस्टरने मुलीला सगळे खरे सांगून टाकले, गुडघ्यांसकट.

मुलगी म्हणाली, मावशीलाच खाली आणू. ते दोनदा विचारून झाले होते. ताई आपले घर सोडायला तयार नव्हती. बस टाकीपर्यंतच जाई, म्हणजे उभा चढ उरलाच. मुलीला स्वतःला सायकल जेमतेम सपाटीवर चालवता येई. मग सिस्टरने विषय काढला, बॅटरीवरची सायकल घेतली तर?

त्या आठवड्यात घरात दुसरे बोलणे नव्हते. मुलीला नाना शंका. बॅटरी अर्ध्या वाटेत संपली तर? एवढी जड सायकल अंगावर पडली तर उचलणार कोण? या वयात हे धाडस कशाला? आणि खरे सांगायचे तर सिस्टरच्या मनातही अढी होती. आयुष्यभर पायांनी चढलेली वाट आता मशीनवर बसून चढायची, ही कल्पना तिला बोचत होती. ती संध्याकाळी बाहेर येई, माझ्या सीटवरून हात फिरवी आणि आत जाई.

शेवटी तिने मला मिस्त्रींकडे नेले. माझे प्रत्येक पंक्चर त्यांनीच काढलेले. हिलाच मोटर बसवता येईल का, असे तिने विचारले. माझी तर आशा पालवली! मिस्त्रींनी मला उलटी केली, चाके फिरवून ती कुठे डगमगतात ते पाहिले, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यावर बोट फिरवले.

"बसवता येईल," ते म्हणाले. "पण चढून गेलात की उतरायचंही आहे, सिस्टर. तेवढं वजन हिचे ब्रेक धरणार नाहीत. मी बसवणार नाही."

त्या दिवशी मला फार वाईट वाटले. पण त्यांनी खरे तेच सांगितले होते. उताराची भीती माझ्याइतकी कोणाला ठाऊक असणार?

रविवारी सकाळी मायलेकी नव्या सायकलींच्या दुकानात गेल्या. सिस्टर माझ्यावर बसली होती, मुलगी पायी. दुकान एका उंच, मोकळ्या आवाजाच्या बाईंचे होते. त्यांनी सगळे नीट समजावले. पाय फिरवावेच लागतात. पाय थांबले की मोटरही थांबते. चढ जितका जास्त, तितकी बॅटरी लवकर उतरते, पण पूर्ण भरलेली असली तर वरच्या वस्तीला जाऊन यायला पुरून उरते. ब्रेक माझ्यापेक्षा कितीतरी भक्कम. सिस्टर ऐकत होती आणि त्या राखाडी, जाडजूड सायकलीकडे संशयाने बघत होती. मीही बघत होते. माझ्या नजरेत संशयापेक्षा काहीतरी वाईटच असावे.

बाई म्हणाल्या, टाकीपर्यंत एक चक्कर मारून या, मग ठरवा. सिस्टर चढली. पहिल्या पायडललाच दचकली, मग सावरली आणि गल्लीच्या टोकाला वळून दिसेनाशी झाली. मी दुकानात उभी राहिले, गहाण ठेवल्यासारखी.

टाकीपर्यंतची चक्कर ती किती वेळाची? मुलगी आधी खुर्चीवर बसली होती, मग दारात आली, मग रस्त्यावर. फोन केला, तर तो आईच्या पिशवीत वाजला आणि पिशवी माझ्याच हँडलला अडकवलेली! दुकानाच्या बाई आधी हसून धीर देत होत्या. नंतर त्याही एक गिऱ्हाईक तसेच सोडून मुलीशेजारी उभ्या राहिल्या. पडली असेल का? वळणावर तोल गेला असेल का? मुलीचा जीव टांगणीला लागला. ती स्वतःशीच पुटपुटत होती, मी हो म्हणायलाच नको होतं.

शेवटी मुलगी टाकीकडे निघणार, तोच राखाडी सायकल गल्लीत वळली. सिस्टर उतरली. चेहरा लाल झाला होता, केस विस्कटले होते. मुलगी रागावायला तोंड उघडणार, इतक्यात तिचे लक्ष आईच्या बाह्यांकडे गेले. त्या कोपरापर्यंत ओल्या होत्या.

"टाकीपाशी वळणारच होते," सिस्टर म्हणाली. "पण पाय म्हणाले, अजून थोडं जाऊ."

मुलीने हळूच विचारले, "मावशीचे केस?"

"आहेत. वाळत घालून आलेय."

दुकानाच्या बाईंनी तोंड दुसरीकडे फिरवले आणि उगाचच कुठल्याशा सायकलीचे हँडल पुसू लागल्या. सायकल घ्यायची की नाही, हे मग कोणी कोणाला विचारले नाही.

अशी ती राखाडी सायकल आमच्या घरी आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीखालची जागा तिची झाली. तिला रोज वायरीने भिंतीला जोडतात. मला मागच्या खोलीत नेऊन ठेवले. कोणी मुद्दाम केले नाही. सिस्टरच्या मनात होतेच, की हिला नीट पुसून, तेल घालून ठेवायचे. पण ते आज-उद्यावर गेले. माझ्या टायरांतली हवा हळूहळू गेली. दिव्यात कोळ्याने घर केले. मोडक्या खुर्च्या आणि रिकाम्या डब्यांच्या गर्दीत उभी राहून मी रविवार ओळखायला शिकले. त्या दिवशी सकाळी फाटक वाजे आणि दुपारी खिडकीतून सिस्टरचे गाणे ऐकू येई. माझ्यावर बसून चढ चढत होती तेव्हा ती गात नसे. तेवढा श्वासच उरत नसे. मला हेवा वाटला का? वाटला. पण ते गाणे ऐकले की तो फार वेळ टिकत नसे.

एके दिवशी मुलगी खोलीत हवा भरायचा पंप शोधायला आली. पंप माझ्यामागेच होता. तो घेताना तिने माझ्याकडे पाहिले, मग माझ्या चपट्या टायरांकडे, आणि पंप तिथेच ठेवून मलाच बाहेर काढले. मिस्त्रींनी माझ्या चाकांतले छर्रे बदलले, तारा ताणल्या, चेनला तेल दिले. आता मी नदीकाठच्या सपाट रस्त्याने वाचनालयात जाते. मुलगी अजून जरा डगमगतेच. पण मी सांभाळून घेते. चढ आता माझ्या वाट्याला येत नाही. कधी कधी पुलावरून वर पाहिले, की टाकीचे वळण दिसते आणि कॅरिअरवर बाटल्या किणकिणल्याचा भास होतो.

मित्रांनो, माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरातल्या जुन्या वस्तू पावसात टाकू नका. चेनला तेल आणि टायरला हवा, एवढ्यावर आमच्यासारख्या किती तरी जणी पुन्हा चालू लागतात. आणि माणसांचीही अशीच काळजी घ्या. तुमच्या घरातले कोणी आवडीच्या ठिकाणी जायचे हळूच सोडून देत असेल आणि विचारल्यावर कंटाळा आला म्हणत असेल, तर तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. त्यांच्याबरोबर एकदा त्या वाटेने जा. त्यांचे पाय कुठे थांबतात ते पाहा.