मंगळवारचं पान

माझ्या पोरीच्या, भिंगरीच्या, स्कर्टची कंबर मी वर्षात तीनदा आत घेतली. कपडे दुरुस्त करणं हाच माझा धंदा, त्यामुळे वर्गात शांत बसावी म्हणून सुरू केलेल्या गोळीनं पोर किती वाळली ते मला वजनकाट्याआधी टेपनं सांगितलं. शाळा खूश होती. भिंगरी जागेवर बसत होती ना. डबा भरलेलाच घरी येत होता, त्याचं कुणाला काय.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी गोळी बदलली. जुनी हळूहळू कमी, नवी अर्धी सुरू. "तीन आठवडे रोज लिहा. झोप, भूक, राग. खरं लिहा, त्यावरच मी पुढचा डोस ठरवणार."

वही मी एकच केली. इथंच माती खाल्ली. शाळेलाही ती रोज बघायची होती, आणि मुख्याध्यापिकेनं आधीच बजावलं होतं, "आणखी एकदा कुणाला इजा झाली तर तिला घरीच ठेवा." नऊ वर्षांची पोर आहे, उन्हातून आत घ्यायची कुंडी नाही.

नव्या गोळीनं भूक परत आली. कंबरेची शिलाई उसवताना मी चक्क गुणगुणले. पण दुपारी तीन-चारनंतर पोर पेटायची. दप्तर भिरकावायची, स्वतःचं मनगट चावायची. दुसऱ्या मंगळवारी वर्गशिक्षिकेच्या हाताला चावली. त्या भल्या बाईनं वर कळवलं नाही. मला एवढंच म्हणाली, "तुम्ही तुमचं लिहा."

मी लिहिलं : दिवस शांत.

नवऱ्यानं वाचलं आणि कपाटाच्या फुटक्या काचेकडे बघितलं. "ही काच शांततेनं फुटली वाटतं."

"शाळा वाचते ती वही."

"डॉक्टरही वाचणार आहे."

"गप्प बस."

तो गप्प बसला. बसायला नको होतं.

तीन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली. "छान मानवलीय की गोळी. आता पूर्ण सुरू करू."

बोलले तर शाळा जाणार, नाही बोलले तर पोर. आणि मी, आई म्हणवणारी, गप्प राहिले.

"मी बाईंना चावले," भिंगरी पाय हलवत म्हणाली. "मंगळवारी. आईनं नाही लिहिलं. दुपारी माझ्या डोक्यात माशा घोंघावतात, ते पण नाही लिहिलं."

"माशांचं मला कधी सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठं? तू कंबर मोजत होतीस."

डॉक्टरीणबाईंनी पूर्ण डोसची लिहिलेली चिठ्ठी फाडली. रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "डोस वाढवायचा नाही. माशा कधी येतात, किती वेळ राहतात, ते तिलाच विचारून लिहा."

दुसऱ्या दिवशी मंगळवारचं पान उघडून मी वही मुख्याध्यापिकेपुढे ठेवली. 'दिवस शांत' खोडून खाली सगळं लिहिलं होतं.

"नियम तुम्हाला माहीत आहे," ती म्हणाली.

"आहे. खोटं मी लिहिलं, खरं तिनं सांगितलं. घरी कुणाला ठेवायचं ते सांगा."

दारात वर्गशिक्षिका उभी होती. "चावा माझ्या हाताला होता," ती म्हणाली. "माझी तक्रार नाही. दुपारी तीननंतर तिला जमत नाही, एवढंच आहे."

मुख्याध्यापिकेनं बराच वेळ पान वाचलं. "महिनाभर तीनला घेऊन जा. मग बघू."

बघू म्हणे. पण नाव पटावर राहिलं.

आता माझं दुकान पावणेतीनला बंद होतं. घरी आलो की मी वही घेऊन बसते आणि आधी विचारते, "माशा?"

"आज दोनच," भिंगरी म्हणते. मी दोन लिहिते.