दिपाली लवकर उठत नाही

बुद्धप्रियला निपाणीत सगळे ओळखत. पाणीपुरवठ्याच्या कामावरचा इंजिनिअर, हसतमुख, कुणी हाक मारली की धावणारा. आंबेडकर जयंतीला वस्तीत त्याचं भाषण ठरलेलं असायचं, आणि पोरांच्या शाळेकडं दुर्लक्ष करू नका हे तो दर वर्षी बजावून सांगायचा.

त्याची बायको रचना चिकोडीच्या कॉलेजात शिकवायला होती. उजाडता उजाडता तिला बस गाठावी लागे. त्याआधी ती डबा करायची, पाचवीतल्या दिपालीला उठवून वेणी घालायची, युनिफॉर्म चढवून तिला तयार करून जायची. बुद्धप्रियकडं सकाळचं एकच काम होतं, पोरीला गाडीवर बसवून हायवेपलीकडच्या शाळेत सोडायचं. त्याचं ऑफिस त्यानंतर बऱ्याच वेळानं भरायचं. तरी तेवढं एक काम त्याच्याकडनं वेळेवर होत नव्हतं.

कारण होतं बॅडमिंटन. पोट सुटलं म्हणून तो हॉलवर जायला लागला आणि तिथलाच होऊन गेला. वकील, दवाखानेवाले डॉक्टर, बँकेतले साहेब असे सगळे तिथं यायचे, आणि त्या सगळ्यांना तो हरवायचा. जिंकल्यावर कोणीतरी म्हणायचंच, अजून एक होऊ दे. घरी दिपाली बूट घालून, दप्तर पाठीला अडकवून पायरीवर बसलेली असायची. हा घामेजलेला येई, गाडी बंद न करताच तिला बस म्हणे, आणि शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत आत प्रार्थना सुरू झालेली असे. "तड आय्तु री, सर," वॉचमन आण्णाप्पा कानडीत म्हणायचा. उशीर झाला, हे सांगताना त्यालाच संकोच वाटायचा.

पहिल्यांदा फाटकाशी वर्गशिक्षिका सुनयना मिस उभ्या होत्या. त्यांनी उशिराचं कारण विचारलं.

"काय करायचं मिस, ही लवकर उठतच न्हाई," बुद्धप्रिय म्हणाला.

मिस हसल्या, तोही हसला. दिपालीनं मान वर करून बापाकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. पुढच्या खेपेला तेच वाक्य त्याच्या तोंडातून आपोआप आलं. नंतर तर सांगायचीही गरज उरली नाही. आज पण झोपलीस का गं, असं मिसच विचारायच्या आणि पोरगी मानेनंच हो म्हणायची. उशिरा येणाऱ्यांनी प्रार्थना संपेपर्यंत भिंतीकडेला उभं राहायचं, असा शाळेचा नियम होता. आईबापांनी मुलांना वेळेवर आणून सोडायचं, बाकीचं आम्ही बघतो, असं जूनमधल्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी सांगितलं तेव्हा बुद्धप्रियनं सगळ्यांच्या आधी मान डोलावली होती.

संविधान दिनाला उद्देशिका म्हणायला दिपालीची निवड झाली होती. मराठी, कानडी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत. घरभर फिरत ती म्हणायची. कानडीतला एखादा शब्द अडला की बापाला विचारायची, आणि बापाला ते लई कौतुकाचं वाटायचं. पण सराव व्हायचा प्रार्थनेच्या वेळी, आणि त्या वेळी ती भिंतीकडेला असायची. शेवटी मिसनी ते काम आदर्श नावाच्या मुलाला दिलं आणि दिपालीच्या आईबापांना बोलावून घेतलं.

रचनानं अर्धी रजा काढली. मिस रागावल्या नाहीत. मुलगी हुशार आहे, म्हणाल्या, पण हा आळस आत्ताच मोडायला पाहिजे. मग दिपालीला पुढं बोलावून त्यांनी विचारलं, तूच सांग, उशीर का होतो?

दिपालीनं बापाकडं पाहिलं. "मला जाग येत न्हाई, मिस," ती म्हणाली.

आता बोलावं, आत्ताच बोलावं, असं बुद्धप्रियला वाटलं. पण रचना ऐकत होती, शिपाई दारात होता, बाहेर बाकावर ओळखीचे दोन पालक बसले होते. तो गप्प बसला.

रचना कोड्यात पडली. निघताना आपण तिला तयार करून जातो, मग ही परत झोपते कशी? असं कसं होतं ओ, तिनं नवऱ्याला विचारलं. पायरीवर बसल्या बसल्या डुलकी लागते तिला, तो म्हणाला. पहिलं खोटं पुरलं नाही म्हणून त्याच्यावर हे दुसरं चढलं. रचना घाबरली. बसल्या जागी झोप लागते म्हणजे पोरीच्या अंगात रक्त कमी असेल. संध्याकाळी ती दोघांना घेऊन दवाखान्यात गेली.

डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. दंडाला रबर बांधला तेव्हा दिपालीनं आईचा हात घट्ट धरला. सुई टोचली, नळीत रक्त चढायला लागलं. ती रडली नाही. समोर बाप उभा होता, त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग असता तर बुद्धप्रियला सोसला असता. पण आता तो काहीतरी बोलेल, एवढंच त्या नजरेत होतं. तो भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिला.

तपासणीत काही निघालं नाही. तरी डॉक्टरांनी टॉनिक दिलं आणि लवकर झोपवायला सांगितलं. म्हणून दिपालीचं संध्याकाळचं गल्लीतलं खेळणं बंद झालं. बाहेर पोरं ओरडत असायची आणि ही जेवून अंथरुणावर पडलेली असायची. बुद्धप्रिय हॉलवर जायचा थांबला, आता तो तिला वेळेवर सोडायला लागला. टॉनिकनं गुण आला, असं रचना शेजारणीला सांगताना त्यानं ऐकलं आणि ताट अर्ध्यावरच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रचना चमच्यात टॉनिक ओतत होती. दिपालीनं तोंड वाकडं करून ते घेतलं आणि आत गेली. तेव्हा बुद्धप्रियनं स्वयंपाकघराच्या दारातच सगळं सांगून टाकलं. पोरगी रोज तयार असायची, उशीर माझ्यामुळं होत होता, मी खेळत बसायचो.

रचनानं बाटलीचं झाकण लावलं.

"तिला सुई टोचली तेव्हा तुम्ही तिथंच उभा होतासा," ती म्हणाली.



सकाळी तो दिपालीला घेऊन सरळ सुनयना मिसकडं गेला आणि पोरीसमोरच आपली चूक कबूल केली. बोलताना त्याचा आवाज कापला. मिसना भरून आलं. सर, असं कबूल करायला मोठं मन लागतं, त्या म्हणाल्या. उद्देशिकेचं मात्र आता काही करता येणार नव्हतं, कारण आदर्शनं पाठ केली होती. मग त्या दिपालीकडं वळल्या.

"पण तू माझ्याशी खोटं का बोललीस गं?"

दिपालीचा चेहरा पांढरा पडला. खोटं माझं होतं मिस, तिचं नव्हतं, असं बुद्धप्रिय घाईघाईनं म्हणाला, तेवढ्यात घंटा झाली आणि मिस तिला घेऊन वर्गाकडं गेल्या. तो बाहेर आला. छातीवरचा दगड उतरेल असं वाटलं होतं, तो होता तिथंच होता.

संध्याकाळी तो तिच्याजवळ जाऊन बसला. "त्या दिवशी खरं का सांगितलं न्हाईस?" त्यानं विचारलं.

"ही उठत न्हाई, असं तुम्ही सांगितल्यावर मी उठते म्हणून कसं सांगू?" ती वहीत रेघा ओढत म्हणाली. "सगळ्यांसमोर तुम्ही खोटं ठरला असता. आता तुम्ही खरं बोललासा म्हणून मिस तुम्हाला चांगलं म्हटल्या. मीच खोटी ठरले."

बुद्धप्रियनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण मानही वर केली नाही. चुकलो म्हणायचं त्यानं मनात घोकलं होतं. ते तो म्हणालाही, पण आवाज इतका बारीक निघाला की तिनं ऐकलं की नाही, त्याला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी रचना निघाली तेव्हाच तो आंघोळ करून तयार होता. दिपाली गाडीवर बसली. एरवी ती त्याची कंबर धरायची, आज मागची दांडी धरली. शाळेचं फाटक उघडलंही नव्हतं. आण्णाप्पा आत झाडलोट करत होता. दिपाली फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसली. तुम्ही जावा, मी बसते, म्हणाली. तो गेला नाही. गाडी स्टँडला लावून थोड्या अंतरावर उभा राहिला. हायवेवरनं ऊस भरलेले ट्रॅक्टर जात होते, हवेत गारवा होता.

हळूहळू पोरं जमली. फाटक उघडलं. दिपाली दप्तर सावरत उठली, दोन पावलं आत गेली आणि परत त्याच्याकडं आली.

"उद्या एवढ्या लवकर नको, पप्पा," ती म्हणाली. "वेळेवर आलं तरी बास."

त्यानं मान हलवली. ती जाऊन रांगेत उभी राहिली. प्रार्थना सुरू झाली. तिचा आवाज त्यात ओळखता येतो का, हे तो फाटकाबाहेर उभा राहून ऐकत होता.